कोयाइकेतला चुलीविना हिवाळा

कोयाइके,
१२ एप्रिल २०२२

ती. ओर्तेन्सियाताईस,

नोल्बेर्तोचा स. न. वि. वि.

ड्रायव्हर रेमिहिओनं बसच्या खिडकीतून तुझा निरोप ओरडून सांगितला, अख्ख्या थांब्यानं ऐकला. बर्फ पडायच्या आत आईला तुझ्याकडे एल मान्सोला नेणार, तिची शाल आणि औषधं बांधून ठेव, असं तुझं फर्मान. ताई, आई येणार नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील, नाहीतर पत्र चुलीत तरी घालशील.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नेमकं लिहितो, कारण रेमिहिओच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला शेपटं फुटली असणार. त्या म्हणाल्या, आईचं वय एक्क्याऐंशी, पण फुप्फुसं शंभरीची. धुरातला आणखी एक हिवाळा त्यांना झेपणार नाही. मी विचारलं, धूर घरातला की गावातला? त्या म्हणाल्या, दोन्ही, पण सुरुवात घरातल्यापासून करा. आता तू म्हणशील की दरीतली हवा काचेसारखी स्वच्छ आहे. आहे ना. पण आई दरीत झोपणार आहे का? ती तुझ्या घरात झोपणार, आणि तुझी लोखंडी चूल मला समजायला लागल्यापासून एकदाही विझलेली मला आठवत नाही.

म्हणून मी काय केलंय ते ऐक. छपराच्या उत्तरेकडच्या, उन्हाच्या उतारावर बारा सोलर पॅनेल गेल्या ऑक्टोबरातच बसवली, ते तुला माहीत आहे. मार्चमध्ये त्यांच्या बरोबर खाली, भिंतीला धरून, हीट पंपाचा बाहेरचा डबा बसवला. आतला पांढरा डबा आईच्या पलंगासमोरच्या दारावर. बाहेर उणे दहा असताना त्याच हवेतून ऊब कशी काढणार, म्हणून तू हसशील. चौतीस वर्षं मी या गावाचे फ्रिज दुरुस्त करतोय. फ्रिजची पाठ गरम लागते, ती ऊब आतल्या मटणातून काढलेली असते. मटण आधीच गार असलं तरी निघते. हा पंप म्हणजे घराकडे पाठ करून उभा राहिलेला फ्रिज, दुसरं काही नाही. एक भाग वीज घेतो, तीन भाग ऊब देतो. फार कडाका असला तर दोन. अबेलिनो दाजींनी पाठवलेली न विकली गेलेली लोकर धुऊन, वाळवून भिंतींत आणि माळ्यावर ठासली आहे. अकरा पोती. खिडक्यांच्या फटी मी स्वतः बुजवल्या, एकशे सात भरल्या.

चूल अजून स्वयंपाकघरात आहे, कारण आई तिला हलवू देत नाही. पण धुराड्याच्या तोंडावर पत्रा ठोकला आहे. आई पांढऱ्या डब्याकडे बघतसुद्धा नाही. ओळख करून न दिलेला पाहुणा घरात बसावा तशी वागते.

मी सहावीपर्यंतच शिकलो याची आठवण तू करून देशीलच. जे शिकलो ते मोडकी यंत्रं उघडून शिकलो, आणि उघडलेलं प्रत्येक यंत्र परत चालू करून दिलं.

रागावलीस तर राग वर ठेव, माया खाली दाबून का होईना, पण ठेव.

तुझा धाकटा,
नोल्बेर्तो


एल मान्सो,
२७ एप्रिल

चि. नोल्बेर्तोस,

अ. उ. आ.

पत्र चुलीत घातलं नाही. दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी लोकर मेंढीच्या अंगावर असती तर निदान एका जिवाला तरी ऊब मिळाली असती, असं ते म्हणाले, आणि मग इतके हसले की त्यांना खोकला लागला.

अरे, तुला अक्षरं मी शिकवली, पिठाच्या परातीत बोटानं काढून. त्यामुळे तुझ्या शाळेबद्दल मी कधीच बोलत नाही, तूच बोलतोस. मी बोलते ते एवढंच, की आईला तू फ्रिजमध्ये ठेवणार आहेस आणि वर तो उलटा फ्रिज आहे म्हणून सांगणार आहेस. ऐन हिवाळ्यात, जूनमध्ये, तुझ्या काचांना ऊन कुठून आणशील? साडेआठला उजाडतं आणि चहाच्या वेळेला मावळतं. आणि समज, तुझं धुराडं बंद झालं, तरी गल्लीतली चाळीस धुराडी काय तुझ्या पत्र्याला घाबरून गप्प बसणार आहेत?

तरीही तुझं ऐकते. आईच्या उशाशी थर्मामीटर टांग. ती रात्री नऊला झोपते, त्या वेळचा आकडा मला हवा. जुलैअखेरपर्यंत तीन रात्री लागोपाठ अठराच्या खाली गेला, तर मी रेमिहिओच्या बसनं येईन आणि आईला घेऊन जाईन. तू दारात आडवा पडलास तरी ओलांडून जाईन. कबूल?

आणि एक विचारते, ते आकड्यातलं नाही. आईकडे भोपळ्यातला माते चहा प्यायला हल्ली कोण येतं? चुलीशी बसल्याशिवाय कोणाच्या घरी भोपळा फिरतो?

चिडशील, पण लांबच्या बहिणीची आठवण सोडू नकोस.

तुझी ताई,
ओर्तेन्सिया


कोयाइके,
२४ मे

ती. ताईस,

स. न. वि. वि.

कबूल. थर्मामीटर उशापासून बेचाळीस सेंटीमीटरवर टांगला आहे. तू एक आकडा मागितलास, मी तीन देतो: सकाळी सहा चाळीस, दुपारी दोन, रात्री नऊ. गेल्या आठवड्यातला सर्वांत खालचा एकोणीस पूर्णांक सहा, सर्वांत वरचा वीस पूर्णांक तीन. बाहेर एकदा उणे सात होतं. बाकीच्या वहीची नक्कल पत्राला जोडली आहे. चूल थकते, तिला पहाटे उठून भरवावं लागतं. यंत्र थकत नाही.

जूनचं ऊन मी आणणारच नाही. डिसेंबरात रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा माझ्या काचांनी घराला लागेल त्याच्या तिप्पट वीज केली आणि तारेतून गावाला दिली. आता हिवाळ्यात गाव ती मला परत देतंय. हे माझं डोकं नाही, कायदाच तसा आहे. मी फक्त तो शेवटच्या पानापर्यंत वाचला.

गल्लीतल्या चाळीस धुराड्यांचं तू बरोबर बोललीस. म्हणूनच त्या एकशे सात फटी. आमच्याकडे या महिन्यात नऊ दिवस धूरबंदी लागली, संध्याकाळी सहानंतर लाकूड जाळायला मनाई. तरी सगळे जाळतात, दिवे बंद करून. शेजारचे उलिसेस तर म्हणतात, माझ्या धुराला रात्रीचं कोण ओळखणार? माझ्या घराला त्यांनी शीतपेटी असं नाव ठेवलंय आणि रोज सकाळी कुंपणावरून विचारतात, म्हातारी गोठली का? मी आकडा सांगतो. ते म्हणतात, आकडे काय, तुझेच.

परवा गंमत झाली. धूरबंदीच्या दिवशी तपासनीस आला, दार ठोठावलं आणि म्हणाला, तुमच्या घरातून धूर निघतोय. मी त्याला बाहेर नेलं. पंपाच्या डब्यावर साचलेलं बर्फ वितळवायला यंत्र मधूनमधून स्वतःला गरम करतं, तेव्हा पांढरी वाफ निघते. मी माझा पांढरा रुमाल तीत धरला आणि त्याच्या हातात दिला. ओला होता, काळा नव्हता. तपासनीस तो दोन्ही बाजूंनी बघत राहिला. मग म्हणाला, एवढ्या वर्षांत दंड न करता परत जाण्याची ही पहिलीच वेळ.

हे सगळं गावाला कळावं म्हणून मी रविवारच्या रेडिओवरच्या निरोपांत एक निरोप दिला. तो तू ऐकला असशीलच.

आई बरी आहे. तिचं एक म्हणणं चालू आहे, की बाहेरचा डबा तिथून हलव. म्हणते, जस्ताचं छप्पर बर्फ थोडं थोडं सोडतं, काचेवर त्याचा पाय ठरणार नाही, सगळं एकदम खाली येईल. मी तिला समजावलं की उत्तरेच्या भिंतीवर दुपारी ऊन येतं, डब्याला चार अंशांचा फायदा होतो, मी महिनाभर मोजलंय. तिनं ना पुस्तिका वाचली, ना उतार मोजला. तरी बोलते.

तुझी हरायची वेळ जवळ आली आहे, तोवर जिव्हाळा कमी करू नकोस.

नोल्बेर्तो


एल मान्सो,
११ जून

नोल्बेर्तोस,

आशीर्वाद, पण आखडते.

त्या रविवारी आमच्याकडे मेंढरांचे खूर कापायला अकरा माणसं जमली होती. रेडिओ टेबलावर. निवेदिका गोड आवाजात म्हणते, एल मान्सोच्या ओर्तेन्सियाबाईंना कळावे, की आईच्या उशाशी वीस अंश आहेत आणि घरात एक काडीही जळालेली नाही. अकरा माणसांनी एकाच वेळी माझ्या चुलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. गेल्या वर्षी याच रेडिओवर दरीतल्या बेनानसिओंना बायको गेल्याचा निरोप मिळाला. लोक तिथे मृत्यूचे आणि जन्माचे निरोप देतात, आणि तू थर्मामीटर वाचून दाखवतोस! आता वरच्या दरीतल्या बायका मला बाजारात विचारतात, बाई, तुमच्या भावाकडे किती अंश?

तुझे आकडे बघितले. बरे आहेत. माझा स्वभाव खोटं बोलायचा नाही, म्हणून लिहिते.

पण मी विचारलं होतं की आईकडे कोण येतं. त्याचं उत्तर तुझ्या वहीत कुठल्याच रकान्यात नाही. आणि आईच्या हातच्या दोन ओळी का नाहीत? तिला लिहिता येतं. तिच्याकडूनच मी शिकले आणि मग तुला शिकवलं.

पुढचा निरोप रेडिओवर दिलास तर मी बसची वाट बघणार नाही, घोड्यावर येईन.

ओर्तेन्सिया


कोयाइके,
२ जुलै

ती. ताईस,

स. न. वि. वि.

रेडिओबद्दल माफी. घाईत आहे म्हणून थोडक्यात.

गेल्या आठवड्यात फार बर्फ पडलं. चोवीस तारखेला छपरावर सदतीस सेंटीमीटर होतं. बाहेर दोनदा उणे तेरा. तरी रात्री नऊचा आकडा एकदाही तेवीसच्या खाली गेला नाही. २४ जून, चोवीस पूर्णांक दोन. २५, तेवीस पूर्णांक नऊ. २६, चोवीस. तीस तारखेपर्यंत असंच, वही जोडली आहे. तुझ्या अठराच्या किती वर, ते तूच बघ. सकाळचे आकडे जरा खाली आहेत, सोळाच्या आसपास, पण बाहेर उणे तेरा होतं हे लक्षात घे.

मी जिंकलो, असं म्हणायला हरकत नसावी.

आईला थोडा खोकला आहे. हवामानाचा असणार.

नोल्बेर्तो


एल मान्सो,
९ जुलै

चि. नोल्बेर्तोस,

अ. उ. आ.

आज दाजी खालच्या गोठ्यात गेलेत. एकटी आहे, म्हणून तुझी वही चुलीजवळ बसून ओळीनं वाचली. मेच्या वहीत सकाळी वीस, दुपारी वीस, रात्री वीस. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखे सरळ. शेवटच्या आठवड्यात रात्री चोवीस, पहाटे सोळा, दुपारी एकवीस, परत रात्री चोवीस. यंत्र थकत नाही, असं तूच मला लिहिलंस ना? मग पहाटे कोण थकलं?

नोल्बेर्तो, चाळीस वर्षं मी चूल भरवते. रात्री झोपताना भरलेलं लाकूड पहाटेपर्यंत कसं उतरतं, ते मला थर्मामीटरशिवाय कळतं. हे आकडे यंत्राचे नाहीत. हे आपल्या रानातल्या लेंगा झाडाच्या लाकडाचे आहेत, आणि लाकूडही थोडं ओलंच होतं, नाहीतर पहाटे सतरा तरी राहिलं असतं. पत्रा काढलास ना धुराड्याचा? चूल पेटवलीस ना?

तू आकड्यात खोटं लिहिलं नाहीस, ते तुला जमतच नाही. पण खाली फक्त जिंकलो असं लिहिलंस. आणि आईला खोकला.

वीस तारखेच्या बसनं मी येते आहे. रिकामी परत जायला येत नाहीये. आईची शाल बांधून ठेव.

तरीही तुझीच,
ताई


कोयाइके,
१३ जुलै

ती. ताईस,

स. न. वि. वि.

पेटवली.

चोवीस तारखेला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आकाश मोकळं झालं, काचांना ऊन लागलं, आणि छपरावरचं सगळं बर्फ एकदम सुटलं. आवाज असा झाला की आईला वाटलं ट्रकनं भिंतीला धडक दिली. आईनं सांगितलं होतं तसंच झालं, तिनं सांगितलं होतं तिथेच. बाहेरचा डबा पुरला. खणून काढला तेव्हा जाळी आत दबलेली आणि पंख्याची दोन पाती तुटलेली. ताई, मी मोजलेल्या चार अंशांच्या फायद्यासाठी मी यंत्र बर्फाच्या तोंडात ठेवलं होतं. चौतीस वर्षांत मोडकं यंत्र घेऊन लोक माझ्याकडे आले, या वेळी मोडणारा मीच.

मी म्हटलं होतं ना, असं आई एकदाही बोलली नाही. तिनं फावडं आणून माझ्या हातात दिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

नवा पंखा पुएर्तो मोन्तहून बोटीनं यायचा होता. विजेची साधी शेगडी आणायचं मनात होतं, पण आमच्या जुन्या तारांवर अख्ख्या घराला पुरेल एवढी लावली तर फ्यूज उडतो. एकट्या आईच्या खोलीपुरती चालली असती. मी ते केलं नाही. का, ते लिहितो, कारण तू कधीतरी ओळखशीलच. मला तुझ्याकडे जाणाऱ्या वहीत सगळ्या घराचा आकडा हवा होता. म्हणून पत्रा काढला आणि चूल पेटवली. आईसाठी नाही, आकड्यासाठी. दोन दिवस धूरबंदी होती तरी. तपासनीस गल्लीतून गेला, माझ्या धुराड्याकडे बघितलं, हसला आणि हात केला. त्याला वाटलं, वाफ.

त्या हात करण्याची जेवढी लाज वाटली, तेवढी आईचा खोकला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंसमोरही नाही वाटली.

पण ताई, ऐक. पंखा आठ तारखेला आला. मी डबा पूर्वेच्या भिंतीवर नेला, तिथे छपराला उतार नाही. जमिनीपासून ऐंशी सेंटीमीटर उंच चौकट, वर छोटं छप्पर, आणि पॅनेलांच्या खाली बर्फ अडवायला लोखंडी पट्टी. आई कुंपणापर्यंत आली, वर बघितलं, पट्टी आणखी एक हात खाली घे म्हणाली. घेतली. आठपासून आजपर्यंत सकाळी वीस, दुपारी वीस, रात्री वीस.

मी चुकलो ते जागेत चुकलो, यंत्रात नाही. ये, तुला कोण अडवणार. पण आईला नेऊ देणार नाही. दारात आडवा पडणार, आणि मी तुझ्यापेक्षा जड आहे.

तुझा,
नोल्बेर्तो


कोयाइके,
१६ जुलै

चि. सौ. ओर्तेन्सियास,

आईचे अ. उ. आ.

तुझी आणि त्याची सगळी पत्रं मी वाचली आहेत. तुझी पत्रं आणि स्वतःचे कच्चे मसुदे वहीत घालून तो वही टेबलावर ठेवून जातो. चार महिने तुम्ही दोघं मला इकडून तिकडे ओढताय, त्यानं ठेवायची, तू न्यायची. रेमिहिओच्या बसवर चढवायला मी काय बटाट्याचं पोतं आहे? मला एकानं तरी विचारलं?

आता मी सांगते, एकदाच. चूल पेटवून त्याला सात दिवस झाले, तेव्हा पहिल्या तारखेला तो दुकानात गेला आणि मी किटलीतलं पाणी निखाऱ्यांवर ओतलं. सगळं. मग पत्रा परत लावला, वाकडा लागला, पण लागला. तो आला तेव्हा घर अकरा अंशांवर होतं आणि मी दोन कोट घालून बसले होते. ओरडायला लागला. मी त्याला सांगितलं की तुझ्या बहिणीला लिही, अकरा. त्यानं नाही लिहिलं. मग त्यानं उलिसेसकडे त्यांची विजेची छोटी शेगडी मागितली आणि माझ्या खोलीपुरती लावली. शीतपेटी म्हणणारे तेच ते उलिसेस. स्वतः उचलून देऊन गेले. आठ दिवस आम्ही दोघं त्या एका खोलीत बसलो, जेवलोही तिथेच. बरं गेलं.

का विझवली, ते ऐक. सहा वर्षं मी खुर्चीत बसून झोपते. आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हातारपणात काय काय सांगायचं. मे महिन्यात, तो पांढरा डबा लागल्यावर दोनेक महिन्यांनी, मी एका रात्री सहज आडवी झाले आणि सकाळ झाली. नोल्बेर्तोला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रेडिओवर दिलं असतं. त्यानं चूल पेटवली तशी मी परत खुर्चीत गेले. सात रात्री खुर्चीत काढल्यावर ठरवलं की गोठायचं तर आडवं गोठायचं.

तू दोनदा विचारलंस, म्हणून लिहिते. मे-जूनमध्ये माझ्याकडे कोणी आलं नाही. चूल नसलेल्या घरी कोण येणार? आता मीच बोलावते. दर गुरुवारी माझी जुनी मैत्रीण एर्सिलिया आणि कुंपणापलीकडची रोसेन्दा येतात. विजेच्या किटलीला नावं ठेवतात, पाण्याला चव नाही म्हणतात, भोपळ्याच्या चौथ्या फेरीला स्वेटर काढतात. सोपाइपियाच्या पुऱ्या मी विजेच्या शेगडीवर तळते. तेवढ्याच फुगतात.

मी इथून हलणार नाही. न्यायला यायचं असेल तर येऊ नकोस.

पण वीस तारखेला तू ये. तुझ्यासाठी. रेमिहिओ गेल्या आठवड्यात पार्सल द्यायला आला, तेव्हा बोलता बोलता म्हणाला की ओर्तेन्सियाबाईही हल्ली चुलीशेजारच्या खुर्चीतच झोपतात, पहाटे पाचला दार उघडलं तर बसूनच होत्या. तू पाठ दुखते असं त्याला सांगितलंस. मी सहा वर्षं तेच सांगत होते. मला फसवू नकोस, मी तुझी आई आहे, आणि हे सोंग मी तुझ्या आधीपासून करतेय.

तुझा पलंग माझ्या खोलीत लावला आहे. नोल्बेर्तोला काही सांगितलेलं नाही.

वाट बघते आहे, हे वेगळं सांगायला नको.

आई


कोयाइके,
२९ जुलै

श्री. अबेलिनो यांस,

स. न. वि. वि.

वीस तारखेला सुखरूप पोचले, लिहायला उशीर झाला. मेंढ्यांना मीठ-पाणी वेळेवर द्या, आणि माझ्या खुर्चीवर कुत्र्याला बसू देऊ नका.

आईला आणायला आले होते, ते काही जमलं नाही. तिनं आल्याआल्या मला पलंग दाखवला. घरात त्या डब्याचा सारखा घूं घूं आवाज येतो. नोल्बेर्तो जेवताना मध्येच उठून थर्मामीटर बघतो आणि वहीत लिहितो. त्याला मी सांगितलं की असा भाऊ रेडिओपेक्षा वाईट. विजेच्या किटलीच्या पाण्याला खरंच चव नाही. घरात बसायला अशी एकही जागा नाही जिथे पाठीला ऊब आणि पोटाला गारवा लागेल. सगळीकडे सारखंच. माणसाला कुठे सरकून बसावंसंच वाटत नाही. भिंतीतून ओल्या लोकरीचा वास येत नाही, तुम्ही म्हणाला होता येईल म्हणून.

डॉक्टरीणबाईंकडे आई मला घेऊन गेली. हात धरून, मी सात वर्षांची असल्यासारखी. बाईंनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं, आणि घरी परतताना आई एकच वाक्य बोलली, की आता पाठ दुखते असं कोणाला सांगू नकोस.

तुम्ही काळजी कराल म्हणून सगळं लिहीत नाही. चाळीस वर्षांत तुम्ही मला लाकूड कमी पडू दिलं नाही, त्यात तुमची चूक नाही, माझीही नाही.

काल रात्री मी नऊला आडवी झाले. सकाळी नोल्बेर्तो सहा चाळीसचा आकडा बघायला आला तेव्हा त्याच्या पावलांनी जाग आली. मधे काही आठवत नाही. तो मला आडवी बघून दारातच थांबला, वही मिटली आणि न लिहिता निघून गेला. असं त्यानं कधीच केलं नव्हतं, असं आई म्हणते.

रविवारच्या बसला मला घ्यायला येऊ नका, आणि रेमिहिओलाही जागा ठेवायला सांगू नका. ऑगस्ट इथेच काढणार आहे. लोक काय म्हणतील, त्याला तुम्ही उत्तर द्या. दरीत सगळे तुम्हाला घाबरतात. सांगा की बायको भावाच्या शीतपेटीत गोठायला गेली आहे आणि तिला तिथेच राहायचंय.

घराकडे लक्ष ठेवा, माझ्याकडे ठेवलंत त्याहून जरा जास्त.

तुमची,
ओर्तेन्सिया